तिबिलिसीतली खाण्याची पायी टूर: घरातलं एक माणूस शाकाहारी असेल तर घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत 3 रात्री आहात. तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. तुम्ही तिघं सगळं खाता, सासूबाई अंडंही खात नाहीत. रस्त्यावरचं जॉर्जियन खाणं दाखवणारी साडेतीन तासांची पायी टूर दिसली आहे. ती घ्यावी की नकाशा बघून आपलं आपण फिरावं, पैसे वाया जातील का, असं तुम्ही विचारलंय.

मी 2018 पासून पुण्यामुंबईकडचे गट जॉर्जियाला घेऊन जाते, करोनाचा काळ सोडून. अशी टूर मी स्थानिक गाईडबरोबर अनेकदा केली आहे, गाईडशिवायही केली आहे. त्यावरून सांगते: तुमच्या बाबतीत प्रश्न टूर चांगली की वाईट हा नाहीच. साडेतीन तासांत सासूबाई प्रत्येक थांब्यावर पोटभर आणि निर्धास्त खातील, की तुमच्याकडे बघत पाव चघळत बसतील, हा आहे. टूर निवडताना हीच एक गोष्ट तपासा, बाकी सगळं आपोआप ठरेल.

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. जॉर्जियात रस्त्यावर मिळणारं बहुतेक खाणं कणकेत बंद केलेलं असतं. आपल्याकडे वडापाव, मिसळ, भेळ, सगळं डोळ्यांना दिसतं. तिथे काचेमागे एकसारख्या सोनेरी, चपट्या, भाजलेल्या गोष्टी ओळीने मांडलेल्या असतात. एकीत चीज, एकीत राजमा, एकीत बटाटा, एकीत खिमा. बाहेरून कळत नाही. पाटी जॉर्जियन लिपीत. काउंटरवरच्या बाईंना घाई असते, आणि इंग्रजी येईलच असं नाही.

2019 मध्ये माझ्या गटात नाशिकच्या एक काकू होत्या, पक्क्या शाकाहारी. लोबियानी म्हणजे राजमा भरलेली पोळी, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी बोट दाखवून एक मागितली आणि त्यांना दिली. दुसऱ्या घासाला त्या थांबल्या. तुकडा उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे गुलाबी काय आहे?" राजम्याच्या तपकिरी सारणात धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. राचा नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या पद्धतीच्या लोबियानीत ते घालतातच. दुकानदाराची काहीच चूक नव्हती. पाटीवर 'राचुली' लिहिलेलं होतं, मला ते वाचता येत नव्हतं. काकू एका शब्दानेही रागावल्या नाहीत. चूळ भरली आणि रात्रीपर्यंत फक्त पाणी प्यायल्या. तो दिवस मी विसरलेले नाही. त्यानंतर मी ती लिपी वाचायला शिकले, 33 अक्षरं आहेत, आणि आजही जुन्या शहरात गट न्यायचा तर स्थानिक गाईड बरोबर घेते.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी मला एक शब्द शिकवला: सामार्ख्वो. म्हणजे उपवासाचं. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, अंडी, दूध, चीज, लोणी, काहीही चालत नाही. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास असतो, 28 नोव्हेंबरपासून त्यांच्या नाताळपर्यंत, म्हणजे 7 जानेवारीपर्यंत आणखी एक, शिवाय कडक पाळणारे लोक वर्षभर बुधवारी आणि शुक्रवारी पाळतात. त्यामुळे बेकऱ्यांत, कँटीनमध्ये सामार्ख्वो पदार्थ असतातच. आपण 'व्हेजिटेरियन' म्हणतो तेव्हा समोरच्याच्या मनात 'मांसाचे मोठे तुकडे नकोत' एवढंच येऊ शकतं. सामार्ख्वो म्हटलं की प्रश्नच मिटतो, कारण त्यांच्या आजीने तो उपवास केलेला असतो. एकच लक्षात ठेवा, काही ठरावीक दिवशी त्या उपवासात मासे चालतात, म्हणून मासे नाहीत ना, एवढं विचारून घ्यायचं. कांदा-लसूण मात्र भरपूर असतो. सासूबाई तो खात नसतील तर या टूरचा त्यांना फारसा उपयोग नाही, हे आत्ताच सांगते.

अंड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथेच आपले लोक फसतात. खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली भाजकी पोळी, सगळ्यांना शाकाहारी वाटते. (जॉर्जियनमध्ये 'पुरी' म्हणजे पाव-रोटी, आणि 'खाचो' म्हणजे ताज्या दह्या-पनीरासारखं चीज.) काळ्या समुद्राकाठच्या अजाराची नावेच्या आकाराची अजारुली खाचापुरी असते, तिच्यावर अंडं उघडंच दिसतं, ते नको म्हणता येतं. पण गोल, बंद इमेरुली खाचापुरीतही अंडं असू शकतं. तिबिलिसीतली आयसेट नावाची अर्थशास्त्राची संस्था महागाई मोजायला 'खाचापुरी इंडेक्स' काढते, घरी एक इमेरुली खाचापुरी करायला किती खर्च येतो त्याचा. त्या हिशेबात पीठ, चीज, दूध, लोणी, यीस्ट यांच्याबरोबर अंडीही आहेत. शिवाय वरून चमक यावी म्हणून अंडं फासतात. रस्त्यावरच्या टपरीत मिळणारी चौकोनी, पापुद्र्यांची पेनोवानी तर बहुतेक वेळा अंडं फासलेलीच असते. म्हणून सासूबाईंसाठी दोन वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवा: "खोर्त्सिस गारेशे" म्हणजे मांसाशिवाय, आणि "क्वेर्त्स्खिस गारेशे" म्हणजे अंड्याशिवाय. आणि चीजबद्दल: पारंपरिक पद्धतीत दूध फाडायला जनावराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. काहींना ते चालतं, काहींना नाही. हा निर्णय सासूबाईंचा आहे, फक्त तो त्यांनी माहिती असताना घ्यावा. मी माझ्या गटात निघायच्या आधीच सांगते, तिथे गेल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

आता टूर. चांगली टूर कशी दिसते, ते माझ्या आवडत्या मार्गावरून सांगते, म्हणजे तुम्हाला मिळालेल्या मार्गाशी ताडून बघता येईल.

सकाळी सुरुवात दीझर्टर बाजारापासून, रेल्वे स्टेशनजवळ. सैन्यातून पळालेले सैनिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शस्त्रं विकायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मेट्रो स्टेशनचं नाव 'सद्गुरिस मोएदानी', म्हणजे स्टेशनचा चौक. यातलं मोएदानी म्हणजे आपलं मैदानच. बाजाराला ते 'बझारी' म्हणतात, छोट्या दुकानाला-खानावळीला 'दुकानी'. फारसीचा हात दोन्हीकडे फिरलेला आहे. सासूबाईंना हे सांगा, परकं शहर एकदम जवळचं वाटतं.

या बाजारात माझा सर्वात जास्त वेळ मसाल्यांच्या बायकांपाशी जातो. पिवळ्या पुडीचा ढीग असतो, 'झाफ्राना' म्हणतात. पर्यटकाला केशर म्हणून सांगितलं जातं, इमेरेती नावाच्या भागाचं केशर. ते केशर नाही, तो वाळवून कुटलेला झेंडू आहे. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे. आपण दाराला लावतो तेच फूल तिथे अक्रोडाच्या वाटणात जातं. चव मातकट, किंचित कडवट. त्याच्या शेजारी 'उत्स्खो सुनेली', निळ्या फुलांची मेथी. नाकाशी धरलीत की मेथीच कळते, पण आपल्या मेथीपेक्षा सौम्य. आणि स्वानेती या डोंगराळ भागाचं मीठ: लसूण, धणे, हीच मेथी, झेंडू, मिरची एकत्र कुटलेलं. चटणी म्हणून भाकरीबरोबरसुद्धा छान लागतं. मी दर वेळी अर्धा किलो आणते.

विकणाऱ्या आजींनी "कुठून आलात" विचारलं, तर भारताबरोबर गोव्याचंही नाव घ्या. राणी केतेवान त्यांची संत आहे, 1624 मध्ये शिराझला तिला ठार मारलं. तिचे अवशेष जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये सापडले आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. माझ्या अनुभवात 'गोवा, केतेवान' एवढ्यावर चेहरा उजळतो. एकदा एका आजींनी माझा हात धरून ठेवला आणि मूठभर अक्रोड माझ्या पिशवीत घातले.

इथेच चीज चाखायला मिळतं. सुलुगुनी, खारवलेलं, दातांखाली किंचित करकरणारं. लोणच्यांत 'जोंजोली' बघा, एका झुडपाच्या कळ्या खारवलेल्या असतात, सासूबाईंना नक्की आवडेल. आणि त्क्लापी: आंबट आलुबुखाराचा रस पातळ पसरून वाळवलेली पोळी, चामड्यासारखी गुंडाळून ठेवलेली. आंबापोळी, फणसपोळी खाल्लेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त आंबट वाली स्वयंपाकासाठी असते, मुलीला गोड मागून द्या.

तिथून मेट्रोने तीन स्टेशनं, स्वातंत्र्य चौक. मेट्रो फार खोल आहे आणि सरकते जिने आपल्यापेक्षा बरेच जोरात चालतात. सासूबाईंना गुडघ्याचा किंवा चक्करचा त्रास असेल तर सरळ टॅक्सी करा, गाईडला आधी सांगून ठेवा.

चौकातून कोते अब्खाझी रस्त्याने जुन्या शहरात उतरायचं. हा रस्ता पूर्ण उताराचा आहे, म्हणून मार्ग याच दिशेने असावा. टूर उलटी, खालच्या गंधकाच्या स्नानगृहांपासून वर येणारी असेल, तर चढ लागतो. आतल्या गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, चप्पल चालणार नाही.

जुन्या शहरात मी एक गोष्ट कधीच चुकवत नाही, ती म्हणजे तोने. जमिनीत किंवा तळघरात बसवलेली मातीची गोल भट्टी, आपल्या तंदूरची बहीण. काही बेकऱ्यांत चार पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गरम, पिठाचा वास, भिंती काळ्या. बेकर कणकेचा लांबट गोळा हातावर ताणतो, दोन्ही टोकं ओढतो आणि कमरेपर्यंत भट्टीत वाकून तो आतल्या भिंतीवर थापतो. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, माणूस आत पडेल की काय असं वाटतं. थोड्याच वेळात लांब आकड्याने पाव सोडवून वर काढतो. त्याला शोती म्हणतात, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकं अणकुचीदार. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, एवढंच. सासूबाईंसाठी शंभर टक्के निर्धास्त. कागदात गुंडाळून हातात देतात तेव्हा धरवत नाही इतका गरम असतो. टोक आधी मोडायचं, ते सगळ्यात कुरकुरीत. बाजारातलं सुलुगुनी पिशवीत असेल तर तिथेच उभं राहून खा. मला विचाराल तर अख्ख्या टूरमधला सर्वात चांगला घास हा, आणि तो एक-दोन लारीत (लारी म्हणजे तिथलं चलन) मिळतो.

खिंकाली बसून खायची गोष्ट आहे, पण प्रत्येक टूरमध्ये असते. दिसायला उकडीच्या मोदकासारखी, वर कळ्या गोळा करून शेंडी. शेंडी हातात धरून उलटी करायची, बाजूला छोटा चावा घेऊन आतलं गरम पाणी आधी ओढून घ्यायचं, मग बाकीचं. शेंडीला 'कुदी', म्हणजे टोपी म्हणतात. ती जाड आणि कच्चट असते, खात नाहीत, ताटात ठेवतात, शेवटी मोजून किती खाल्ल्या ते कळतं. तुमची मुलगी हे खेळासारखं करेल. काट्याने टोचू नका, रस ताटात जातो आणि वाढणाऱ्या बाई हळहळतात. साधारणपणे आत गाय आणि डुक्कर यांचा मिसळलेला खिमा असतो. तुम्ही तिघं 'सगळं' खाता म्हणालात, पण बीफ चालतं का, हे घरात आधी ठरवा. सासूबाईंसाठी मशरूमची, बटाट्याची किंवा चीजची मिळते. पण पातेलं आणि पाणी बहुधा एकच असतं, हे मी लपवणार नाही. माझ्या गटातल्या निम्म्या शाकाहारी लोकांना ते चालत नाही. त्यांना मी तोपर्यंत 'बद्रिजानी' मागवते: तळलेल्या वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळलेलं, वर डाळिंबाचे दाणे. भरल्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आणि 'प्खाली', पालक किंवा बीटच्या पाल्याचे अक्रोड घालून केलेले गोळे. हो, अक्रोड जवळजवळ सगळीकडे आहे, चटणीत, सारणात, गोडात. घरात कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर हे सगळं विसरा आणि आधी गाईडशी बोला.

चुर्चखेला तुम्हाला दर दहा पावलांवर लटकलेली दिसेल, रंगीत मेणबत्त्यांसारखी. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या रसात पीठ घालून आटवलेल्या दाट खिरीत पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. द्राक्षांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे तुम्हाला ताजी मिळेल. वाकवून बघा, ताजी असेल तर वाकते. जुनीवर पांढरी पूड दिसते, ती बुरशी असेलच असं नाही, बहुतेक वेळा द्राक्षाची साखर वर आलेली असते आणि तीच चवीला चांगली लागते. भडक हिरव्या-लाल रंगाच्या घेऊ नका, आणि रहदारीच्या रस्त्यावर उघड्यावर टांगलेल्या तर नकोच. खाताना दोरा आधी ओढून काढायचा. अंडं नाही, दूध नाही. सासूबाईंच्या पर्समध्ये एक असू द्या, प्रवासभर कामाला येते.

मुलीसाठी तार्खुना, म्हणजे टॅरागॉन नावाच्या पानांचं हिरवंगार गार पेय. मित्रोफान लागिद्झेने 1887 मध्ये कुताइसीत नैसर्गिक सिरपची पेयं सुरू केली, ते नाव आजही चालतं. चव बडीशेपेच्या जवळ जाणारी. नाही आवडलं तर पेअरचं घ्या, ते सगळ्यांना आवडतं.

बहुतेक टूर शेवटी वाइनच्या तळघरात संपतात. मातीच्या रांजणात, क्वेव्रीत, वाइन करायची त्यांची रीत 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा ते त्याबद्दल मनापासून बोलतात. घ्यायची नसेल तर पेल्यात थोडी ओतू द्या, "गाउमार्जोस" म्हणताना पेला उचला आणि खाली ठेवा. कुणी वाईट मानत नाही. चाचा मात्र जपून, ती द्राक्षाच्या चोथ्याची दारू आहे आणि फार कडक असते.

पैसे देण्याआधी गाईडला काय विचारायचं? माझ्या मते एकच प्रश्न नीट विचारला तरी पुरतो: "अंडं, मांस, मासे न खाणाऱ्या 68 वर्षांच्या बाईंना प्रत्येक थांब्यावर नेमकं काय मिळेल, नावासकट लिहून द्या." उत्तर 'काळजी नको, सॅलड आणि पाव आहे' असं आलं, तर ती टूर तुमची नाही. उत्तरात सामार्ख्वो लोबियानी, प्खाली, बद्रिजानी, मक्याच्या भाकरीबरोबर लोबियो (राजम्याची दाट उसळ), अशी नावं आली, तर त्या माणसाने आधी विचार केलेला आहे. त्याच पत्रात विचारून घ्या की खाण्याचे पैसे धरलेत का, गट किती जणांचा, बसायला किती वेळा मिळेल. 15-20 जणांच्या गटात एकटीसाठी काउंटरवर चौकशी करायला गाईडला वेळ नसतो, हे मी स्वतः गट चालवते म्हणून सांगते. टिपवर चालणाऱ्या मोफत टूर शहर बघायला छान असतात, पण खाण्यासाठी तुमच्या घरच्या परिस्थितीत मी त्या सुचवणार नाही. तुम्ही चौघं आहात. फक्त तुमच्यासाठी गाईड घेतलात तर माणशी फरक फार पडत नाही, आणि सासूबाईंच्या चालीने चालता येतं.

सासूबाई बरोबर नसत्या, तर मी म्हणाले असते की टूर नको, पैसे वाचवा, बाजार आणि तोने स्वतः शोधा, चुकलात तरी काही बिघडत नाही.

पहिल्याच पूर्ण दिवशी टूर ठेवा, शेवटच्या दिवशी नको. पहिल्या दिवशी गाईडने दाखवलेल्या बेकरीत उरलेले दोन दिवस तुम्ही स्वतः जाऊ शकता. सकाळी हॉटेलमध्ये भरपेट नाश्ता करू नका. पोटाचं म्हणाल तर, डोळ्यांसमोर भट्टीतून निघालेलं खा, काचेत तासन्‌तास पडलेल्या खिम्याच्या पुऱ्या टाळा. नळाचं पाणी मी पिते, पण मुलगी आणि सासूबाई यांना तीन दिवसांसाठी बाटलीचंच द्या.

गाईडकडून थांब्यांची यादी आली की इथेच टाका. कुठली लोबियानी राचाची आहे आणि कुठली सामार्ख्वो, ते मी बघून सांगते.